पालखी किती वाजता?

मागच्या खेपेच्या जत्रेत, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमच्या देवस्थानाचं संकेतस्थळ बंद पडलं. वेळ इतकी नेमकी आठवते, कारण तेव्हा मी देवळाच्या तळीच्या पायऱ्यांवर उभी होते. नौकारोहणाची तयारी चालली होती. तेवढ्यात सचिव काकांचा फोन आला, "बाय, साइट उघडत नाही. मुंबईहून चार फोन आले, रथ किती वाजता निघणार म्हणून विचारतात." मी माझ्या फोनवर पान उघडलं. बराच वेळ चक्र फिरत राहिलं, मग पांढऱ्या पडद्यावर मधोमध ओळ आली: पाचशे चार, गेटवे टाइमआउट.

आमचं देऊळ फोंडा तालुक्यात. महाजन आणि कुळावी, म्हणजे देवाला कुलदैवत मानणारी घराणी, मात्र सगळीकडे पांगलेली: मुंबई, पुणे, बेळगाव, कारवार. गोव्यातल्या बऱ्याच देवळांसारखीच आमचीही निमंत्रणपत्रिका मराठीत निघते, सभामंडपातला फलक मराठीत, भजनं मराठीत, रात्रीचं नाटकही मराठीत. म्हणून संकेतस्थळही मराठीतच केलं होतं, आणि ते मी केलं होतं. त्यावर पालखी, लालखी, सुखासन, विजयरथ यांच्या वेळा, गाड्या कुठे लावायच्या त्याचा नकाशा, देवळाचा इतिहास आणि अग्रशाळेतल्या (यात्रेकरूंच्या निवासातल्या) खोल्यांची नोंदणी. वर्षभर दिवसाला शंभरेक माणसं यायची. जत्रेच्या पाच दिवसांत सगळेच एकदम येतात आणि सगळे एकच प्रश्न घेऊन येतात, पालखी किती वाजता?

त्या रात्री अग्रशाळेच्या ओसरीवर लॅपटॉप मांडून बसले. सर्व्हर साधाच, मुंबईतल्या डेटा सेंटरमधला भाड्याचा. एक कोअर, दोन जीबी मेमरी, वर उबुंटू ही लिनक्स प्रणाली, पुढे लोकांच्या मागण्या घेणारा एनजिनएक्स, मागे पानं रचणारं पीएचपी आणि मारियाडीबी हा डेटाबेस, त्यावर साइट चालवणारं वर्डप्रेस. पीएचपीच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, एकच तक्रार पुन्हा पुन्हा येत होती की कामगारांची, म्हणजे एकाच वेळी पानं रचणाऱ्या प्रक्रियांची, कमाल मर्यादा गाठली आहे, ती वाढवण्याचा विचार करा. उबुंटूवर ही मर्यादा मुळात ५ असते आणि मी ती कधी बघितलीच नव्हती. लॉग सांगतोय तसं करावं म्हणून २० केली. दहा मिनिटांत मेमरी संपली आणि लिनक्सने जागा मोकळी करायला सगळ्यात मोठी प्रक्रिया मारली. ती डेटाबेसची होती. मग साइट उघडत नव्हती एवढंच नाही, खोल्यांची नोंदणीही दिसेना. शेवटी आकडा ८ वर आणला आणि मध्यरात्रीपर्यंत कसंबसं रेटलं. रथ निघाला तेव्हा मी ओसरीवरच होते. ढोलताशे ऐकू आले, दिसलं काही नाही.

जत्रा संपली आणि समितीच्या बैठकीत मोठा सर्व्हर घ्यायचा विषय निघाला. खर्च तिप्पट होणार होता. मी पावसाळ्यापर्यंत मुदत मागितली.

आषाढात आठवडाभर रजा काढून गावच्या घरी राहिले. बाहेर धो धो पाऊस, वीज जाऊन येऊन, पण काम असं होतं की त्याला वेगापेक्षा शांतता हवी होती. पहिल्यांदा काहीही न बदलता जत्रेच्या पाच दिवसांचा लॉग वाचायला घेतला. कोणत्या पानाला किती मागण्या आल्या ते मोजलं. दर दहा मागण्यांतल्या आठ फक्त तीन पानांच्या होत्या, मुखपृष्ठ, जत्रेचा कार्यक्रम आणि गाड्यांचा नकाशा. आणि ही तीनही पानं बघणाऱ्या प्रत्येकाला अक्षरशः तीच दिसतात. तरीही प्रत्येक वेळी वर्डप्रेस नव्याने जागं होत होतं, डेटाबेसला सत्तरेक प्रश्न विचारत होतं आणि तेच पान पुन्हा पहिल्यापासून रचत होतं. एकटं पान मागितलं तर पहिला बाइट यायला ०.९ सेकंद. पाच जणांनी एकदम मागितलं की तेच दोन सेकंदांवर जायचं, कारण कोअर एकच. कामगार कितीही वाढवले तरी चूल एकच असल्यावर काय होणार? हिशेब असा लागला की आमचा सर्व्हर सेकंदाला जेमतेम अडीच पानं देऊ शकत होता.

उपाय होता कॅश, म्हणजे एकदा रचलेलं पान साठवून ठेवायचं आणि सगळ्यांना तेच द्यायचं. समितीला हे समजावताना पहिली अडचण शब्दाची आली. कॅश म्हटलं की खजिनदार काका रोकड समजायचे. म्हणून मी 'तयार पान' म्हणू लागले. उदाहरण जत्रेतलंच दिलं. खाजेवाला खाजं आधी करून ढीग घालतो, गिऱ्हाईक आलं की मापून पुडीत भरून देतो. भजीवाल्याला मात्र प्रत्येक घाण्याला कढईपाशी उभं राहावं लागतं. आपण खाज्याचं दुकान भजीच्या पद्धतीने चालवतोय. काका लगेच म्हणाले, "पण खाजं टिकतं गो. भजी दुपारची संध्याकाळी कोण खाणार?" तेव्हा मी मान डोलावली आणि पुढे बोलत राहिले. या वाक्यात पुढच्या सगळ्या कामाचं मर्म होतं, ते मला दीड महिन्याने कळलं.

सोप्या गोष्टी आधी उरकल्या. फोटो वेबपी स्वरूपात आणले, मुखपृष्ठ साडेतीन एमबीवरून साडेचारशे केबीवर आलं. चित्रं, फॉण्ट, स्टाइलच्या फायली यांना कॅश-कंट्रोल या हेडरमध्ये, म्हणजे फाइलसोबत ब्राउझरला जाणाऱ्या सूचनेत, एक वर्षाची मुदत दिली, ३१५३६००० सेकंद, आणि फाइल बदलली की नावातला आवृत्तीचा आकडा बदलेल अशी व्यवस्था केली. नाव बदललं की ब्राउझरच्या दृष्टीने ती नवीच फाइल असते, त्यामुळे वर्षाची मुदत द्यायला भीती नाही. इथे एनजिनएक्सची एक खोड सांगायला हवी. सर्व्हरच्या पातळीवर लिहिलेले हेडर आतल्या लोकेशनला, म्हणजे ठरावीक पत्त्यांसाठीच्या नियमांच्या गटाला, आपोआप मिळतात, पण आत स्वतःचा एक जरी हेडर लिहिला तर वरचे सगळे गळून पडतात. मी मुदतीचा हेडर आत लिहिला आणि सुरक्षेचे तीन हेडर चित्रांवरून नाहीसे झाले. कर्ल या साधनाने पान मागवून हेडर तपासत होते म्हणून दिसलं, एरवी वर्षभर कळलं नसतं.

मग मुख्य काम. एनजिनएक्सकडे फास्टसीजीआय कॅश म्हणून सोय आहे. पीएचपीने रचलेलं पान तो डिस्कवर ठेवतो आणि पुढच्या माणसाला पीएचपीला न उठवता तेच देतो. कॅश ठेवायची जागा, चाव्यांसाठी १० एमबी मेमरी, आणि चावी कशी बनवायची ते ठरवायचं. चाव्यांच्या एका एमबीत आठेक हजार नोंदी मावतात, म्हणजे १० एमबी आमच्यासाठी फारच झाली. चावी म्हणजे कोणती मागणी 'तीच' समजायची त्याची व्याख्या. मी आधी चावीत यूआरआय, म्हणजे पानाचा पत्ता, हा चल वापरणार होते, पण वर्डप्रेसमध्ये प्रत्येक मागणी आतल्या आत इंडेक्स डॉट पीएचपीकडे वळते आणि तो चलही बदलतो. म्हणजे सगळ्या पानांची चावी एकच झाली असती आणि इतिहासाच्या पानावर गाड्यांचा नकाशा आला असता. मूळ मागणी जशीच्या तशी ठेवणारा रिक्वेस्ट यूआरआय घ्यावा लागतो. प्रत्येक उत्तरासोबत कॅशची स्थिती सांगणारा एक हेडरही लावला. मिस म्हणजे तयार पान नव्हतं, हिट म्हणजे होतं. या एका हेडरवाचून मी हे काम करू शकले नसते.

सगळं लिहून एनजिनएक्सला ते पुन्हा वाचायला लावलं आणि कर्ल मारला. मिस. पुन्हा मिस. दहा वेळा मिस.

अर्धी रात्र त्यात गेली. उत्तराचे हेडर ओळीने वाचताना एक विचित्र तारीख दिसली, एक्स्पायर्स: गुरुवार, १९ नोव्हेंबर १९८१. पीएचपीमध्ये सेशन, म्हणजे आलेल्या माणसाची ओळख लक्षात ठेवायची सोय, सुरू केलं की ते आपणहून ही जुनी तारीख लावतं, म्हणजे हे पान केव्हाच कालबाह्य झालंय, कोणी ठेवू नका. सोबत सेट-कुकीही होती, म्हणजे ती ओळखीची खूण (कुकी) ब्राउझरमध्ये ठेवायची सूचना. आणि एनजिनएक्स हा शहाणा गडी, तो असल्या दोन्ही खुणांचा मान राखतो, असं पान ठेवतच नाही. सेशन कोण सुरू करत होतं? अग्रशाळेच्या नोंदणीचं प्लगइन. नोंदणी एकाच पानावर, पण सेशन मात्र सगळ्या पानांवर.

इथे मी चूक केली. एनजिनएक्सला या हेडरांकडे दुर्लक्ष करायला सांगता येतं, एका ओळीचं काम. ती ओळ लिहिली. लगेच हिट, हिट, हिट. पहिला बाइट चाळीस मिलिसेकंदांत आला. मी इतकी आनंदले की रात्री अकराला म्हापशाला दादाला फोन लावला आणि तुझ्या फोनवर बघ म्हटलं. त्याने मुखपृष्ठ उघडलं, भराभर दोन-तीन पानं फिरला, मग म्हणाला, "अगं, मी खोल्यांच्या पानावर गेलो तर तुझं नाव दिसतंय. तुझा फोन नंबरपण."

मी दिवसा तपासणीसाठी माझ्या नावाने खोली नोंदवून बघितली होती. माझं सेशन चालू होतं. त्याच ब्राउझरने मुखपृष्ठ मागितलं, तेव्हा एनजिनएक्सने पान तर साठवलंच, पण पानासोबत आलेली माझी सेट-कुकीही साठवली. दुर्लक्ष कर म्हणजे साठवताना ती खूण मानू नको, एवढंच. ती काढून टाक असा त्याचा अर्थ होत नाही. मग जो कोणी मुखपृष्ठ उघडेल त्याला माझी कुकी मिळत होती, आणि नोंदणीच्या पानाच्या लेखी तो माणूस मी होते. दादाच्या जागी एखादा परका कुळावी असता आणि माझ्या जागी एखादी एकटी प्रवास करणारी बाई असती तर? तिचं नाव, फोन, कोणत्या तारखेला कोणत्या खोलीत, सगळं. मी त्या क्षणी कॅश बंद केली, फायली पुसल्या, सगळी सेशन रद्द केली. तेव्हा साइटवर दादा सोडून कोणी आलं नव्हतं, लॉग तीनदा वाचून खात्री केली. पण झोप लागली नाही.

हेडरकडे दुर्लक्ष करायची ती ओळ मी कायमची काढली. दुसऱ्या दिवशी प्लगइनमध्ये हात घालून सेशन फक्त नोंदणीच्या पानांवर सुरू होईल असं केलं. सार्वजनिक पानांवरची कुकी गेली, तशी १९८१ ची तारीखही गेली, आणि एनजिनएक्स आपणहून पानं ठेवू लागला. वर आणखी कुंपण घातलं. मागणीत सेशनची किंवा वर्डप्रेसच्या लॉगिनची कुकी असेल, पत्ता नोंदणीचा असेल, तर कॅशला हात लावायचा नाही. यासाठी दोन वेगळ्या सूचना लागतात. बायपास म्हणजे या माणसाला तयार पान देऊ नकोस, नो-कॅश म्हणजे याच्यासाठी रचलेलं पान साठवू नकोस. एकच लिहिली तर अर्धं दार उघडं राहतं. ज्यांच्या साइटवर लॉगिन किंवा नोंदणी आहे त्यांना मी हात जोडून सांगते, दोन वेगवेगळ्या फोनवर, दोन वेगवेगळ्या माणसांनी तपासल्याशिवाय हे चालू करू नका.

फेसबुकची भानगड त्यामानाने किरकोळ. तिथून येणाऱ्या दुव्यांच्या शेपटीला प्रत्येक वेळी वेगळा एफबीसीएलआयडी असतो, त्यामुळे एकाच पानाच्या शंभर चाव्या होतात. चावी बनवताना ती शेपटी छाटली, झालं.

आता प्रश्न मुदतीचा. तयार पान किती वेळ ठेवायचं? मी तासाचा आकडा टाकला, सगळ्या पानांना सरसकट. ब्राउझरलाही मॅक्स-एज ३६०० सांगितलं, म्हणजे लोकांचा मोबाइल डेटाही वाचेल. चाचणीत सर्व्हर सेकंदाला शेकडो पानं द्यायला लागला, कोअर निवांत. मोठ्या सर्व्हरचा विषय समितीने मिटवला. मला वाटलं, काम झालं.

श्रावणात देवळात भजनी सप्ताह असतो. शेवटच्या दिवशी दिंडी. दिंडी पाच वाजता निघणार असं सगळीकडे जाहीर झालेलं. त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलं, संध्याकाळी जोर धरणार अशी लक्षणं दिसू लागली, म्हणून समितीने दुपारी बारा वाजता वेळ तासभर अलीकडे आणली, चार. सचिव काकांनी लगेच साइटवर बदल केला. त्यांच्या फोनवर चार दिसलं, कारण ते लॉगिन केलेले, त्यांना कॅश लागूच नाही. तरी मला कळवायला त्यांनी फोन केला. मी बारा वाजून दहा मिनिटांनी सर्व्हरवरच्या कॅशच्या फायली हाताने पुसल्या, माझ्या फोनवर पान उघडलं, चार दिसलं. मी निश्चिंत.

दिंडी चारला निघाली, देवळाला फेरा घालून पावणेपाचला परत आली. पाचला दहा मिनिटं असताना वास्कोच्या मावशी भिजलेली छत्री घेऊन मंडपात आल्या. त्यांचा नातू त्या दिवशी पहिल्यांदा दिंडीत पखवाज वाजवणार होता. पोरगा गळ्यातला पखवाज काढून खांबाला टेकवून बसला होता. मावशींनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा मंडपातल्या घड्याळाकडे. रागावल्या नाहीत. मला म्हणाल्या, "मी बघून निघाले गो. दोनदा बघितलं. पाच होतं."

मी त्यांचा फोन मागून घेतला. तेव्हा त्यावर चार दिसत होतं, आणि त्यामुळे त्यांचं म्हणणं खोटं ठरत होतं, हे मला सगळ्यात जास्त लागलं. मी शेजारी बसून वेळा विचारल्या. पहिल्यांदा बघितलं बाराच्या आधी, पावणेबाराला वगैरे. दुसऱ्यांदा साडेबाराला, व्हॉट्सअॅपवरच्या दुव्यावर बोट ठेवून. मग अडीचच्या बसने निघाल्या, वाटेत एक बस बदलली. साडेबाराला चार दिसलं असतं तर त्या एकला निघाल्या असत्या.

सर्व्हरवरची कॅश माझ्या हातात होती, पुसली. मावशींच्या फोनमधली माझ्या हातात नव्हती. पावणेबाराला मीच त्यांच्या ब्राउझरला सांगितलं होतं की हे पान तासभर खरं आहे, मला पुन्हा विचारायचं कारण नाही. त्याने माझं ऐकलं. साडेबाराला सर्व्हरपर्यंत तो आलाच नाही. माझ्या फोनवर मला चार दिसलं कारण मी त्या दिवशी ते पान आधी उघडलंच नव्हतं. नंतर घरी कागदावर मांडलं तेव्हा आणखी वाईट निघालं. सर्व्हरवर एकोणसाठ मिनिटं पडून असलेलं पान फोनमध्ये जाऊन आणखी साठ मिनिटं राहू शकत होतं. एक तास म्हणून मी जे लिहिलं होतं ते दोन तास होतं.

खजिनदार काकांचं वाक्य तेव्हा आठवलं. खाजं टिकतं, भजी टिकत नाहीत. मी आख्ख्या जत्रेला एकच मुदत लावली होती.

त्या आठवड्यात मी एचटीटीपी कॅशिंगचे नियम मुळातून वाचले, २०२२ च्या जूनमध्ये निघालेला आरएफसी ९१११. आधी इकडून तिकडून वाचलेल्या तुकड्यांवर काम भागवत होते. ब्राउझरला पाठवायच्या हेडरमधल्या नो-कॅश या शब्दाचा (एनजिनएक्सची त्याच नावाची सूचना वेगळी) अर्थ साठवू नका असा आहे असं मी वर्षानुवर्षं समजत होते. त्याचा अर्थ साठवा, पण वापरण्याआधी प्रत्येक वेळी विचारा, असा आहे. साठवूच नका यासाठी नो-स्टोअर आहे. मग मी पानांच्या एचटीएमएलला ब्राउझरसाठी नो-कॅश लावलं. दर वेळी फोन सर्व्हरला विचारणार. विचारू दे. कार्यक्रमाचं पान दाबून १४ केबीचं आहे आणि सर्व्हर ते तयार पानातून देतो. चित्रं आणि फॉण्ट फोनमध्ये वर्षभर राहतात, तेवढी बचत पुरे.

सर्व्हरवरच्या मुदती पानागणिक ठरवल्या, आणि त्या मी एकटीने ठरवल्या नाहीत. सचिव काका आणि मी मंडपात बसून प्रत्येक पानावर बोललो. इतिहासाचं पान दिवसभर राहिलं तरी चालेल. नकाशा? जत्रेत पोलिसांनी रस्ता बदलला तर? पाच मिनिटं. कार्यक्रम? काका म्हणाले, "लगेच दिसायला हवं." मी म्हटलं, तीस सेकंद. काकांनी मनातल्या मनात तीस मोजले आणि चालेल म्हणाले. तीस सेकंद ऐकायला फारच कमी वाटतात, पण हिशेब बघा. पान बघणारे पाचशे असोत की पाच हजार, पीएचपीला मिनिटाला दोनदाच उठावं लागतं. मला तासभराची मुदत लागतच नव्हती, मी ती घाबरून घेतली होती.

मात्र दर तीस सेकंदांनी मुदत संपते त्या क्षणी ताटकळलेले सगळे एकदम पीएचपीकडे धावू शकतात. त्यासाठी कॅश लॉक लावलं. नवं पान आणायला एकच जण आत जातो. आणि तो परत येईपर्यंत बाकीच्यांना क्षणभर जुनं पान चालेल, अशी दुसरी सूचना दिली. तीच सूचना डेटाबेस कोसळला तरी उपयोगी पडते, त्रुटीच्या पानाऐवजी शेवटचं बरं पान दिसत राहतं.

तीस सेकंदही नकोत म्हणून पुसण्याची सोय हवी होती. फुकट मिळणाऱ्या एनजिनएक्समध्ये एकच पान पुसायची आज्ञा नाही, पण साठवणीची रीत उघड आहे. चावीचा एमडीफाइव्ह (चावीपासून गणिताने निघणारी अक्षरमाळ) हेच फाइलचं नाव, आणि मी निवडलेल्या मांडणीत त्यातलं शेवटचं अक्षर हे पहिल्या फोल्डरचं नाव आणि त्याआधीची दोन अक्षरं दुसऱ्या फोल्डरचं. वर्डप्रेसमध्ये पान जतन झालं की त्याची चावी बनवून नेमकी ती फाइल पुसणारा वीस ओळींचा तुकडा लिहिला. मुखपृष्ठावरही त्या दिवसाच्या वेळा असतात, म्हणून सोबत तेही पुसायचं. हे पहिल्या दिवशी विसरले होते, काकांनीच दाखवून दिलं. ते आता लॉगिन न केलेला दुसरा फोन घेऊन तपासतात.

मार्गशीर्षात जत्रा आली. तिसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेतलाच नाही. फोनमध्ये लॉग उघडून ठेवला होता, तोही संध्याकाळी खिशात टाकला. देवळाच्या आवारात एवढी गर्दी की मोबाइलचं नेटवर्कच धापा टाकत होतं. त्यावर माझा काही इलाज नव्हता, पण १४ केबीचं पान तशातही चार-पाच सेकंदांत उतरत होतं. नौकारोहण लांबलं. रथाची वेळ साडेनऊची होती ती सव्वादहा करायची ठरली. काका गर्दीतून वाट काढत तळीपाशी आले, एका हातात त्यांचा फोन, दुसऱ्या हातात काकींचा. एकावर बदल जतन केला, दुसऱ्यावर पान उघडलं. दोघांनी बघितलं, सव्वादहा.

मी मावशींना फोन लावला. त्या पखवाजवाल्या नातवाबरोबर फोंड्यात बहिणीकडे थांबल्या होत्या, रथाला येणार होत्या. म्हटलं, वेळ बदललीय, सव्वादहा.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "आत्ताच बघितलं. आम्ही जेवायला बसलोय."